सातवी पायरी

ओउलूत नोव्हेंबर संपताना
दुपारी तीनच्या आत उजेड आवरून जातो.
त्याच सुमाराला सैयानं
दारासमोरचा बर्फ उपसणं सोडलं.

आमच्या गल्लीत सात दारं, सात पायऱ्या.
सकाळी आठला सहा पायऱ्या खरवडलेल्या, वर खडी टाकलेली.
सातवी पांढरी.
आधी घोट्याएवढी, मग पोटरीएवढी,
मग टपालवाल्याच्या बुटांचे खड्डे,
मग तेही भरून आले.
सहावी पायरी माझी.
मी मनात म्हटलं, आळशी आहे.

आत ती झोपलेली नव्हती, जागीही नव्हती.
शेगडीवर दुधाचं भांडं, तळाला करपलेलं.
ते घासायचं, हा विचारच एवढा उंच
की ती त्याच्या पायथ्याशी बसून राहायची.
आरोग्यकेंद्रात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला नाव आहे.
नाव लिहिलं. गोळ्या लिहिल्या.
पुढची भेट फेब्रुवारीत.

मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये, म्हणतात.
पण काहीजण
कुठे मऊ लागतंय तेच बघत हिंडतात.
रौनो आला तो फावडं घेऊन.
हे मला परत परत सांगावंसं वाटतं :
फावडं घेऊन आला.
पायरी साफ केली. भांडं घासलं.
टपालाचा ढीग लावून दिला,
त्यातलं बँकेचं तेवढं बाजूला काढलं.
मी खिडकीतून पाहिलं आणि मला बरं वाटलं,
चला, कोणीतरी आहे तिला.

'नाही' म्हणायला अंगात थोडी धग लागते.
तिच्यात उरली होती ती 'बरं' म्हणण्यापुरती.
मार्चपर्यंत किल्ली त्याच्याकडे.
एप्रिलात नदीवरचा बर्फ मोडला,
आणि तिचं मनगट.

ठाण्यात विचारलं, ओरडली का नाहीस?
भिंतीला भिंत लागून शेजारी होते ना?
बहिणीनं विचारलं, तुला कळलं कसं नाही गं?
ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली,
"मला वाटलं, माझ्या वाट्याचं हे असंच असतं."
हे वाक्य नोंदीत नाही.
तिथे तेवढी जागा नव्हती.

मी कचेरीत तारखा जुळवते.
नावं नसतात, फक्त क्रमांक.
डाव्या रकान्यात आजार कळला तो दिवस,
उजव्यात मार बसला तो.
डावा भरलेला असला
की उजवा रिकामा राहण्याची आशा जरा कमी होते.
हा 'जरा' अहवालात मीच टाइप केला.
दोन रकान्यांमध्ये एक उभी रेघ,
केसाएवढी.
आख्खा हिवाळा तिच्यात मावला.

साहेब सांगतात, कारण लिहू नका, संबंध लिहा.
बरोबर आहे.
कारण म्हणजे तिचं दुःख नव्हे.
कारणाला नाव आहे, निळी गाडी आहे,
शनिवारी ते सौना तापवतं,
आणि त्याच्यासाठी आमच्या तक्त्यात
रकानाच नाही.

सैया आता केमीला, बहिणीकडे.
मनगट वाकतं, पूर्ण नाही.
कधी कधी फोन करते, हवामानाचं बोलते.
मी 'माफ कर' म्हणायला तोंड उघडते
आणि विचारते, तिकडे किती बर्फ पडला?

या वर्षी चौथी पायरी पांढरी आहे.
वेइक्को पेसोनेन. बायको ऑगस्टात गेली.
आज चौथा दिवस, बुटाचा ठसा नाही.
मी फावडं घेऊन निघाले
आणि अर्ध्या वाटेत हातातल्या फावड्याकडे पाहून थबकले.
ते भिंतीला टेकवलं.
रिकाम्या हातानं घंटी दाबली.

उणे अठरा.
आत काहीतरी हललं,
किंवा फ्रिज असेल.
पुन्हा दाबली.